कंबर दीड वर्ष दुखते आहे. शस्त्रक्रिया न करता नीट जगता येईल का?

आपण लिहिले आहे की वय ३६ आहे, कंबर दीड वर्षापासून दुखते, एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी सरकून नस दबल्याचे दिसले आणि डाव्या पोटरीपर्यंत अधूनमधून मुंग्या येतात. एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, दुसऱ्यांनी थांबायला सांगितले. तेव्हा शस्त्रक्रियेविना नीट जगता येईल का, आणि तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घ्यावे की नाही, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझी याच जागची गादी २०१२ मध्ये सरकली, मी शस्त्रक्रिया केलेली नाही, आणि आज माझे बहुतेक सगळे व्यवहार सुरळीत चालतात. दुखणे पूर्णपणे गेले आहे, असे मात्र मी म्हणणार नाही.

ज्या बाबतीत थांबायचे नसते, त्या आधी सांगते. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पाऊल वर उचलता न आल्याने चप्पल पायातून निसटू लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे शस्त्रक्रिया टाळण्याचा हट्ट धरला तर नसेचे नुकसान कायमचे होऊ शकते. संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा रात्री झोपेतून जाग आणणारी कळ असेल, तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी, कारण तो आपल्याकडे आजही आढळतो. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ पाठ आखडलेली राहते आणि हिंडू-फिरू लागल्यावर मोकळी होते, असे असेल तर संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवावे. आपण लिहिलेल्या वर्णनात यांतले काही नाही, म्हणूनच पुढचे लिहिते आहे.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी ओल्या कपड्यांची बादली उचलताना माझ्या कमरेत चमक भरली आणि मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच बसून राहिले. तपासण्या झाल्या, अहवाल आला. घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने ‘मणक्यात गॅप आला आहे’ हे वाक्य उच्चारले आणि ते माझ्या मनात घट्ट बसले. सहा आठवडे मी लाकडी फळीवर पडून काढले. त्यानंतर जवळजवळ वर्षभर कमरेला पट्टा बांधून वर्गात उभी राहिले. केर काढणे बंद केले, मांडी घालून बसणे बंद केले, प्रवास बंद केला. खाली पडलेला खडूसुद्धा विद्यार्थ्यांना उचलून द्यायला सांगत असे. एवढी काळजी घेऊनही दुखणे वाढतच गेले, आणि एका डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीखही सुचवली.

दुसरे मत घेण्यासाठी गेले तेथे एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने माझा अहवाल बाजूला ठेवला, फरशीवर एक साधी उशी टाकली आणि म्हणाली, “मॅडम, ती उचला.” मी उभीच राहिले. तळहाताला घाम आला, श्वास रोखला गेला, पोट आणि पाठ दगडासारखी कडक झाली. अजून मी वाकलेलेही नव्हते आणि कंबर दुखू लागली होती. ती म्हणाली, “बघा, उशीला वजन नाही. तुम्ही अजून हललेल्याही नाहीत. मग आत्ता दुखले ते कशाने?” या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी पुढची दोन वर्षे गेली, आणि मला जे काही सांगायचे आहे ते त्या उशीपाशीच सुरू होते. दीर्घकाळच्या कंबरदुखीत दुखण्याइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक, नुकसान हालचालीच्या धास्तीने होते. धास्तीने आपण हालचाल कमी करतो, त्यामुळे स्नायू दुबळे होतात, दुबळ्या स्नायूंमुळे साधे कामही दुखू लागते आणि धास्ती खरी वाटू लागते.

माणूस चालायचा थांबतो तो बहुधा अहवालातले शब्द वाचून, त्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. ज्यांना पाठदुखीचा कसलाही त्रास नाही अशा ३,११० लोकांच्या मणक्यांच्या चित्रांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत. गादी फुगून बाहेर आलेली दिसण्याचे प्रमाण पन्नाशीत सुमारे ६० टक्के होते. या सर्वांना काहीही दुखत नव्हते. केस पांढरे व्हावेत तशी गादीची झीज वयाबरोबर होत असते. शिवाय बाहेर आलेला गादीचा भाग अनेकदा शरीर आपणहून शोषून घेते, आणि मोठा तुकडा सुटून आलेला असेल तर तो विरण्याची शक्यता उलट जास्त असते. याचा अर्थ आपले दुखणे खोटे आहे असा मुळीच नाही. दुखणे खरेच आहे. मात्र ते चित्रातल्या बिघाडाच्या प्रमाणात असते असे नाही, आणि तीन महिन्यांपेक्षा जुन्या दुखण्यात मज्जासंस्था इतकी सावध झालेली असते की साध्या ताणालाही ती धोका समजून कळ उठवते. ‘गॅप’ हा शब्द आपल्या घरातून हद्दपार करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मी चालण्यापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी सहा मिनिटे, कारण सातव्या मिनिटाला कळ वाढत असे. एका शंभर पानी वहीत मी रोज तारीख, मिनिटे आणि रात्री झोप कशी लागली एवढेच लिहीत असे; दुखणे किती होते हे लिहायचे नाही, असे त्या मुलीने बजावले होते. दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवायची, आणि बरे वाटले तरी ठरवलेल्यापेक्षा अधिक चालायचे नाही. हा दुसरा नियम पाळणे मला सर्वांत जड गेले. ज्या दिवशी कंबर हलकी वाटते त्या दिवशी आपण राहिलेली सगळी कामे उरकतो, पुढचे चार दिवस आडवे होतो आणि चालण्यामुळेच दुखले असा निष्कर्ष काढतो. वहीची पाने उलटून पाहिली तेव्हा कळले की माझे बहुतेक वाईट दिवस अशा ‘चांगल्या’ दिवसांच्या मागोमाग आले होते. चार महिन्यांनी मी तीस मिनिटांवर पोहोचले, आणि दीड वर्षाने अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेवरच्या ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत न थांबता चढून गेले. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेला चालण्याचा एक प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नुकतेच कंबरदुखीतून बरे झालेल्या लोकांपैकी ज्यांना टप्प्याटप्प्याने चालणे वाढवायला शिकवले, त्यांची कंबर पुन्हा धरेपर्यंतचा मध्यम कालावधी २०८ दिवस होता; इतरांचा ११२ दिवस. चालण्याला पैसे लागत नाहीत, म्हणून त्याला औषध मानायला आपले मन तयार होत नाही, याचे मला वाईट वाटते.

व्यायामाच्या बाबतीत मी फार भर घालणार नाही, कारण कोणता व्यायाम हे तपासून सांगणारा माणूस समोर हवा. मला पालथे झोपून भुजंगासनासारखे वर उठणे मानवले. त्याने पोटरीतल्या मुंग्या वर सरकत मांडीपर्यंत आणि नंतर कमरेपुरत्या राहिल्या. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टने १९५० च्या दशकात हीच गोष्ट लक्षात घेऊन आपली उपचारपद्धती उभारली. कळ पायातून कमरेकडे सरकत असेल तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगले चिन्ह, आणि कमरेतून पायात उतरत असेल तर तो व्यायाम थांबवावा, एवढी खूण लक्षात ठेवा. माझ्या एका सहकारी शिक्षिकेला मात्र हेच आसन सोसले नाही. तिला गुडघे पोटाशी घेतल्याने आराम पडतो. म्हणून दुसऱ्याचा व्यायाम पाहून आपला ठरवू नये.

घरातल्या काही गोष्टी मात्र सर्वांच्या उपयोगाच्या आहेत. ओट्याशी उभे राहताना मी एक पाय पाटावर ठेवते आणि थोड्या वेळाने पाय बदलते. बादली नेहमी अर्धी भरते, आणि दोन फेऱ्या मारते. उत्तरपत्रिका तपासताना वीस मिनिटांचा गजर लावते आणि गजर झाला की उठून खिडकीपर्यंत जाऊन येते, कारण बसण्याची कोणतीही पद्धत तासभर टिकवली की वाईटच ठरते. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळते, पाय खाली सोडते आणि हाताने रेटा देऊन उठते. एसटीत मागच्या चाकावरच्या किंवा त्यामागच्या आसनावर बसत नाही, तेथे हादरे सर्वांत जास्त बसतात. कडक फळीवर झोपण्याचा सल्ला आपल्याला अनेकजण देतील, पण स्पेनमध्ये ३१३ जणांवर झालेल्या २००३ च्या प्रयोगात मध्यम घट्ट गादीवर झोपणाऱ्यांना कडक गादीवर झोपणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला. आपली जुनी कापसाची गादी पिंजून घेतली तरी पुष्कळ फरक पडतो.

कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे यांची शिफारस करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मधील आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत दीर्घकालीन कंबरदुखीबाबत म्हटले आहे. मी पट्टा एकदम सोडला नाही. रोज अर्धा तास कमी करत गेले. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आणि तेलाचे मालीश यांनी बरे वाटते आणि ते जरूर घ्यावे, फक्त त्या आरामाच्या अर्ध्या तासात चालून यावे. वेदनाशामक गोळ्या मात्र दुकानातून स्वतःच्या मनाने आणून महिनोन्‌महिने घेऊ नयेत. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांचा जठरावर आणि मूत्रपिंडांवर होणारा परिणाम कंबरदुखीपेक्षा भयंकर असू शकतो.

आता त्या दोन डॉक्टरांविषयी. दोघांपैकी एक खोटे सांगतो आहे असे समजू नका. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या, म्हणजे नस दबल्याने कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या, २८३ रुग्णांवर झालेल्या २००७ च्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची पायाची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक आपण बरे झालो असे सांगत होते. आणि थांबायला सांगितलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली होती. हे रुग्ण दुखणे सुरू होऊन दीड ते तीन महिनेच झालेले होते, त्यामुळे आपल्याला ते जसेच्या तसे लागू करता येणार नाही. पण एक फरक त्यातून नीट समजतो: शस्त्रक्रिया दबलेली नस मोकळी करते, म्हणून तिचा उपयोग प्रामुख्याने पायाच्या कळेसाठी होतो, नुसत्या कंबरदुखीला तिचा तेवढा भरवसा नाही. आपल्याला अधिक त्रास कमरेचा आहे की पायाचा, हे आठवडाभर लक्ष देऊन पाहा आणि डॉक्टरांना नेमके तेच सांगा. पायाचाच त्रास मुख्य असेल आणि नीट व्यायाम करूनही तो हटत नसेल, तर शस्त्रक्रिया करून घेण्यात काही कमीपणा नाही.

मधूनच उसण भरेल, हे गृहीत धरा. मला वर्षातून एक-दोनदा आजही भरते. पूर्वी मी तेव्हा पंधरा दिवस झोपून राहत असे. आता एक दिवस आराम, शेक, आणि दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात दर तासाला पाच मिनिटे चालणे. आठवड्याभरात गाडी रुळावर येते. त्या दिवसांत मन खचते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले असे वाटते. तेव्हा मी ती जुनी वही काढून सहा मिनिटांचे पान पाहते.

मुलीला कडेवर घेण्याविषयी आपण विचारले आहे, आणि तो प्रश्न वाचून मला माझा खडू आठवला. तीन वर्षांचे मूल साधारण १२ ते १४ किलोंचे असते. आज लगेच जमिनीवरून उचलू नका, पण ‘कधीच नाही’ असेही तिला सांगू नका. सध्या आपण खुर्चीवर बसा आणि तिला मांडीवर चढू द्या. त्याच सुमारास दोन किलो तांदळाची पिशवी टेबलावरून उचलून छातीशी धरून ठेवण्याचा सराव सुरू करा. ती सहज जमली की तीन किलो, मग पाच, आणि नंतर टेबलाऐवजी स्टुलावरून. दहा किलोंची पिशवी छातीशी धरून घरभर चालता येऊ लागली, की मुलीला पलंगावर उभी करा, तिला तुमच्या गळ्यात हात घालायला सांगा, तिला अगदी अंगाशी घ्या आणि श्वास न रोखता सरळ उभे राहा. पहिल्या वेळी दहा पावले चाला आणि तिला पुन्हा पलंगावर सोडा. दुसऱ्या दिवशी कंबर थोडी जड वाटली तर चालेल. पायात कळ उतरली नाही, तर पुढच्या आठवड्यात पंधरा पावले चाला.