सौनाचा हीटर घेण्याआधी मीटर बघ

भावा, सौनाची, म्हणजे घाम काढायची गरम खोली लाकडाने मढवायच्या आधी वीजबिल हातात घे आणि त्यावरचा मंजूर भार, म्हणजे घराला किती किलोवॅट वापरायची मुभा आहे, ते बघ. घरगुती सौनाचा हीटर साधारण ६ किलोवॅटचा असतो. सिंगल फेजवर तो एकटाच २६ अँपिअर ओढतो, वर गीझर आणि पंप आहेतच. थ्री फेजवर तोच हीटर जोडला, तर प्रत्येक फेजवर ९ अँपिअरच्या आतबाहेर येतात. म्हणून आधी महावितरणकडे भार वाढवून घे. हीटर थ्री फेजवर चालणारा आहे ना, तेही बघ.

हीटरची लाईन थेट डीबीतून (घराच्या मुख्य वीजपेटीतून), स्वतंत्र. सिंगल फेजला ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त भार झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच). अर्थिंग मोजून घे, नुसतं 'आहे' म्हणून सोडू नकोस.

गरम खोलीत मात्र साधी पीव्हीसी वायर अजिबात नको. ती ७० अंशांपर्यंतच चालते, आणि छताजवळ पारा ९० वर जातो. माझ्याकडे वायरमनने तीच टाकली होती. वर्षभरात फळी उघडली, तर वायरचं आवरण बोटाने दाबताच बिस्किटासारखं तुटलं. तिथे सिलिकॉनचीच वायर, मध्ये जोड नाही, आत सॉकेटही नाही.

पावसाळ्यात हीटर बंद राहिला की कॉइल ओल धरते आणि आरसीसीबी पडतो. घाबरून तो काढून टाकू नकोस, वायरमनकडून कॉइल तपासून घे.

सांगलीत नदीकाठी राहत असशील तर डीबी २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर बसव.