बिटलॉकरचा पासवर्ड विसरलोय, हार्ड डिस्क पुसून परत वापरता येईल का?

हो, येईल. बिटलॉकर म्हणजे विंडोजमधलं ड्राइव्हला लॉक लावायचं साधन, त्याचा पासवर्ड आतलं वाचायला लागतो, पुसायला नाही. तुमची १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क आहे आणि डेटा गेला तरी चालेल म्हणताय, मग फार काही अवघड नाही.

पण पुसायच्या आधी एकदा रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर लॉक उघडायचा कोड, शोधा, ४८ आकडी असते. लॉक लावताना विंडोजने ती कुठे ठेवू असं विचारलेलं असणार, तेव्हा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, एखाद्या टेक्स्ट फाइलमध्ये नाहीतर प्रिंट काढून कपाटात असू शकते. नाहीच मिळाली तर विषय संपला, पैसे घेऊन लॉक तोडून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

आता पुसायचं. आधी साधा उपाय, धिस पीसीमध्ये कुलपाचं चिन्ह असलेल्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅट. लॉक असतानाही बहुतेक वेळा होतं. नाही झालं तर डिस्कपार्ट, म्हणजे विंडोजमधलंच कमांड टाइप करून डिस्क हाताळायचं टूल. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, डिस्कपार्ट चालू करायचं आणि लिस्ट डिस्क कमांड द्यायची. इथे घाई करू नका कारण चुकीची डिस्क निवडलीत तर तिच्यावरचा सगळा डेटा जाईल आणि डिस्कपार्ट 'नक्की ना?' असं विचारतसुद्धा नाही! साइज बघून ओळखा, १ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते. लॅपटॉपची आतली डिस्कपण तेवढीच असेल तर एक्स्टर्नल काढून एकदा लिस्ट बघा, मग लावून परत बघा, जी नवीन दिसेल ती तुमची. सिलेक्ट डिस्क आणि तिचा नंबर दिल्यावर परत लिस्ट डिस्क मारा, निवडलेल्या डिस्कच्या आधी फुलीसारखी चांदणी येते. ती बरोबर ओळीवर आहे हे बघूनच क्लीन द्या. काही सेकंदांत होतं. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइज करा, न्यू सिंपल व्हॉल्यूम घ्या. फाइल सिस्टम विचारेल तेव्हा मॅकवरपण लावणार असाल तर एक्सफॅट, नाहीतर एनटीएफएस.

डिस्क विकायची किंवा कुणाला द्यायची असेल तर मात्र नुसतं क्लीन पुरेसं नाही. त्याने फक्त पार्टिशनची माहिती जाते. शिवाय विंडोज ८ पासून बिटलॉकर लावताना फक्त वापरलेली जागाच एन्क्रिप्ट करायचा (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करायचा) पर्याय असतो, तो निवडला असेल तर त्याच्या आधी डिलीट केलेल्या फाइली उघड्याच पडलेल्या असू शकतात. अशा वेळी क्लीन ऑल द्या, ते डिस्कच्या प्रत्येक सेक्टरवर, म्हणजे कप्प्यावर, शून्य लिहितं. यूएसबी ३ असेल तरी १ टीबीला काही तास जातात आणि प्रोग्रेस बार वगैरे काही नाही, नुसता कर्सर लुकलुकत बसतो, हँग झालं समजून वायर उपटू नका. रात्री लावून झोपलात तर बरं, फक्त लॅपटॉप स्लीपला जाणार नाही एवढं बघा.

हे सगळं बिटलॉकरसाठी. काही डिस्कमध्ये लॉक हार्डवेअरमध्येच असतं, उदा. वेस्टर्न डिजिटलची माय पासपोर्ट, तिथे कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की इरेज करायचा पर्याय येतो. अशा डिस्कवर डिस्कपार्टशी झटापट करण्यात अर्थ नाही.