परमुलखातला संसार : वाचकांचे प्रश्न

जर्मनीत नोकरीनिमित्त गेलेल्या कुटुंबांकडून आणि त्यांच्या इकडच्या नातेवाइकांकडून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. तिन्ही श्टुटगार्ट शहराशी संबंधित आहेत. मोटार उद्योगामुळे पुणे परिसरातून तेथे जाणाऱ्यांची ये-जा सतत चालू असते, त्यामुळे यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

प्रश्न : यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही गेल्या वर्षी चिंचवडहून येथे आलो. गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी आमच्या टपालपेटीत टंकलिखित चिठ्ठी टाकली. पहाटे यंत्राचा आवाज येतो, जिन्यात फोडणीचा वास कोंडून राहतो आणि जिना झाडण्याची आमची पाळी दोनदा चुकली, अशा तीन तक्रारी तीत आहेत. रोज जिन्यात हसून नमस्कार करणाऱ्या बाईंनी तोंडाने न सांगता असे लिहून द्यावे, याचे फार वाईट वाटले. यजमान म्हणतात, दुर्लक्ष कर. तिकडे मी शाळेत गणित शिकवत होते. येथे मात्र साधे सरकारी पत्र आले तरी यजमान घरी येईपर्यंत मी ते उघडत नाही. सगळे स्थिरस्थावर झाल्यावर भाषेच्या वर्गाचे पाहू, असे आमचे ठरले आहे. पण स्थिरस्थावर होणार तरी कधी?

उत्तर : आपल्याकडे शेजाऱ्याने लेखी तक्रार केली की बोलणे संपले असे समजतात. तेथे बहुतेक वेळा तसे नसते. इमारतीचे नियम भाडेकराराला जोडलेले असतात, ते सर्वांना सारखे लागू असतात आणि त्यांची आठवण लिहून करून देण्यात कोणाला अवघड वाटत नाही. उद्या त्याच आजी जिन्यात पुन्हा हसतील आणि ते हसणे खोटे नसेल. तेव्हा यजमानांचा दुर्लक्ष करण्याचा सल्ला मला पटत नाही. त्या चिठ्ठीत राग शोधत बसण्यापेक्षा तिच्यातले तीन मुद्दे एकेक करून निकाली काढणे सोपे आहे.

पहिला मुद्दा आवाजाचा. रात्री दहा ते सकाळी सहा हा शांततेचा काळ सर्वत्र पाळला जातो, आणि रविवार व सुटीच्या दिवशी तर भिंतीला भोक पाडणेही चालत नाही. डब्यासाठी साडेपाच वाजता मिक्सरमध्ये चटणी वाटायची असेल, तर ती आदल्या संध्याकाळीच वाटून ठेवावी. कुकरच्या शिट्टीने जुन्या इमारतींतील माणसे खरोखर दचकतात. काय शिजते आहे हे त्यांना ठाऊक नसते, केवळ वाफ फुसफुसल्याचा मोठा आवाज ऐकू येतो.

दुसरा मुद्दा वासाचा. सर्वसाधारण स्वयंपाकाचा वास शेजाऱ्याने सहन करायचाच असतो, त्यामुळे फोडणी बंद करण्याचे कारण नाही. परंतु धूर झाला की आपण सवयीने दार उघडतो, आणि तेथे ते दार बंदिस्त जिन्यात उघडते. मोहरी तडतडण्याआधी स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण उघडावी आणि जिन्याकडचे दार स्वयंपाक संपेपर्यंत उघडू नये; एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. खिडकीचा संबंध भिंतींशीही आहे. हिवाळ्यात थंडी आत येईल म्हणून खिडक्या बंद ठेवल्या आणि घरातच भाताची वाफ व वाळत घातलेले कपडे असले, की कोपऱ्यांत काळी बुरशी धरते आणि मग घरमालकाशी वाद सुरू होतो. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडाव्यात. दिवसभर किंचित उघड्या ठेवल्याने ते काम होत नाही.

तिसरा मुद्दा पाळीचा, आणि श्टुटगार्टच्या परिसरात तो सर्वांत गंभीर मानला जातो. त्या भागातल्या श्वाबेन लोकांची ही ‘केऱवोखे’, म्हणजे झाडलोटीची आठवड्याची पाळी, बाहेरच्यांच्या थट्टेचा विषय असली तरी इमारतीतल्यांच्या नाही. अनेक घरांत त्यासाठी एक छोटी पाटी असते. ती ज्याच्या दाराच्या मुठीवर लटकलेली असेल त्याचा तो आठवडा. शनिवारपर्यंत जिना झाडून-पुसून झाला की त्याने ती पाटी पुढच्याच्या दारावर लावायची. मोठ्या पाळीत तळघर, अंगण आणि पदपथावरचा बर्फही येतो. आपल्याकडे पाटी आली आणि आपण तिला शोभेची वस्तू समजून तशीच ठेवली, असे घडले असण्याचा संभव आहे. आजींना आपणच जाऊन भेटावे आणि पाळीचे वेळापत्रक विचारावे. चिठ्ठीचा विषय काढून क्षमायाचना करत बसू नये. वेळापत्रक विचारणे हेच त्यांना पुरेसे उत्तर आहे.

आता आपल्या पत्राच्या शेवटच्या ओळींविषयी, कारण मला खरी अडचण तेथेच दिसते. घरातला प्रत्येक कागद यजमानांच्या हातूनच उघडला जाणार असेल, तर स्थिरस्थावर होण्याचा दिवस येणारच नाही. त्या देशात जवळजवळ सगळा व्यवहार कागदावर चालतो. घर बदलल्यापासून 2 आठवड्यांत नव्या पत्त्याची नोंदणी करावी लागते. दूरदर्शन संच असो वा नसो, प्रत्येक घराला दरमहा 18.36 युरो प्रसारण शुल्क भरावे लागते. आणि एखादे पत्र पिवळ्या पाकिटातून आले, तर पोस्टमनने पाकिटावर जी तारीख लिहिलेली असते तेव्हापासून उत्तराची मुदत मोजली जाते. म्हणून ते पाकीट कधीही फेकू नये, आणि यजमान कामानिमित्त बाहेरगावी असल्यास ते येईपर्यंत बंदही ठेवू नये.

भाषेचा वर्ग नंतर पाहू म्हणणे म्हणजे हीच परस्वाधीनता लांबवणे होय. जोडीदार म्हणून दीर्घ मुदतीचा वास्तव्य परवाना मिळालेल्या व्यक्तीला शासनाच्या एकात्मता अभ्यासक्रमासाठी अर्ज करता येतो. त्यात सामान्यतः 600 तासिका भाषेच्या आणि 100 तासिका त्या देशाचे कायदे, इतिहास व समाज यांच्या असतात. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारणा करावी. वर्ग बहुधा शहराच्या लोकशिक्षण संस्थेतही असतात. जोडीदाराच्या परवान्यावर नोकरी करण्याचा हक्कही असतो, हे कित्येक घरांत ठाऊकच नसते. शाळेत शिकवण्यासाठी पदवीची मान्यता आणि भाषेवर उच्च प्रभुत्व लागते व त्याला काही वर्षे लागतील, हे खरे आहे. तथापि गणिताच्या शिकवण्या, शाळेनंतरची देखभाल केंद्रे यांसारखी कामे त्याआधीही मिळू शकतात. मुलाला शाळेतून कोण आणणार, असा प्रश्न यजमान काढतील. त्याचे उत्तर दोघांनी मिळून शोधायचे आहे, एकट्या आपण नव्हे.

प्रश्न : आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. शाळेने त्याला जर्मन न येणाऱ्या मुलांच्या तयारीच्या वर्गात घातले आहे. त्याने लवकर शिकावे म्हणून आम्ही घरीही त्याच्याशी जर्मनच बोलावे, असे यांचे म्हणणे आहे. शिवाय तो पोळीभाजीचा डबा न उघडता परत आणतो.

उत्तर : आई-बाबांच्या मोडक्यातोडक्या जर्मनमधून त्याला चांगले जर्मन मिळणार नाही, आणि चांगले मराठी मात्र जाईल. जर्मन त्याला शाळेत आणि मैदानावर मिळेल. ‘का’, ‘कसे’, ‘मग काय झाले’ असे सविस्तर बोलण्याची जागा घर आहे आणि ती मराठीतच राहू द्यावी. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात चौथीनंतर मुले वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात, त्यामुळे आपली घाई मी समजू शकतो. परंतु नंतर शाळेचा प्रकार बदलण्याचे मार्ग खुले असतात आणि उशिरा आलेल्या मुलांची उदाहरणे शिक्षकांना नवी नसतात. वर्गशिक्षिकेची वेळ मागून भेटा. तेथे आगाऊ वेळ ठरवूनच बोलण्याची पद्धत आहे.

डब्याचा फार बाऊ करू नये. मधल्या सुटीत तेथील मुले गार पाव आणि कापलेली फळे पाच-दहा मिनिटांत खाऊन बाहेर पळतात. भाजीला हात भरतात आणि वेळ लागतो, एवढेच त्याचे दुःख असू शकते. तूप-साखर लावलेल्या पोळीची सुरळी करून देऊन पाहा.

प्रश्न : आम्ही साताऱ्याचे निवृत्त पती-पत्नी. मुलगा, सून आणि नातू श्टुटगार्टला असतात. फोन केला की दोघे कामात असतात, असे वाटते की आम्ही त्यांना नकोसे झालो आहोत. आता ते आम्हाला बोलावत आहेत. कधी जावे, किती दिवस राहावे, आणि काय न्यावे?

उत्तर : आजोबा, फोनचे कारण घड्याळात आहे. भारतात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तेथे हिवाळ्यात दुपारचे साडेतीनच झालेले असतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे तासाने पुढेमागे होतात. म्हणून अंतर हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचे असते. आपण जेवण आटोपून साडेनऊला फोन केलात, तर तेथे संध्याकाळचे पाच किंवा सहा वाजलेले असतील आणि नातूही घरी सापडेल.

पर्यटक व्हिसावर 180 दिवसांच्या काळात 90 दिवस राहता येते. जायचे तर मे ते सप्टेंबरमध्ये जावे. डिसेंबरात तेथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, दिवसभर घरात बसून राहणे होते आणि सुनेला आपली काळजी लागते. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. मात्र ते शहर वाटीसारख्या खोऱ्यात वसलेले असून त्यात पायऱ्यांच्या वाटा 400 हून अधिक आहेत, आणि जुन्या इमारतींना बहुधा उद्वाहक नसतो. काकूंचे गुडघे दुखत असतील, तर मुलाचे घर कितव्या मजल्यावर आहे हे आधी विचारून घ्यावे.

व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण लागते. पण मधुमेह, रक्तदाब अशा आधीपासूनच्या आजारांचा खर्च कित्येक पॉलिसींत वगळलेला असतो. ते कलम वाचल्याशिवाय पैसे भरू नका. मुक्कामापुरती औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

खाण्याच्या वस्तूंबाबत मात्र मन घट्ट करावे लागेल. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ सोबत नेण्यास मनाई आहे, तेव्हा साताऱ्याचे कंदी पेढे आणि साजूक तूप घरीच ठेवावे. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. केळी, अननस आणि नारळ त्यातून वगळले आहेत, हापूस आंबा नाही. कढीपत्त्यालाही तीच अट आहे. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट आणि उडदाचे पापड बिनदिक्कत न्या. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तारखेआधी 6 महिन्यांपर्यंत करता येतो. उन्हाळ्यात व्हिसा कार्यालयातल्या भेटीच्या तारखा लवकर भरतात, म्हणून मे महिन्यात जायचे असल्यास डिसेंबरातच कागद गोळा करायला लागावे.