भाड्याच्या घरात मोठी दुरुस्ती निघाली तर घर सोडावं लागतं का? आणि भाडं पूर्ण द्यावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की घर मुंबईत आहे. मालक संडास-बाथरूम फोडून स्लॅबचं काम काढतोय, 'दोन महिने दुसरीकडे सोय बघा' म्हणतोय आणि भाड्याचा विषय काढला की गप्प बसतोय. घर पागडीचं (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन घेतलेलं, कमी भाड्याचं जुनं भाडेकरूपण) की लिव्ह अँड लायसन्सचं (ठरावीक मुदतीचा करार), ते लिहिलेलं नाही. मी पागडी धरून चालतो, कारण सर्वात जास्त माणसं तिथेच फसतात.

कागद हातात आल्याशिवाय चावी देऊ नका. 'काम झालं की या परत' या तोंडी शब्दाला काहीही किंमत नाही.

गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडं होती. लाकडी तुळया काढून लोखंडी गर्डर टाकायचे म्हणून दोघांनाही एकाच आठवड्यात खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. काम गरजेचं होतंच. जिन्याकडच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत जायचा आणि भुगा गळायचा. एका घरातल्या काकूंनी निघण्याआधी खोली आतून भिंत ते भिंत टेपने मोजून घेतली: 11 फूट 4 इंच बाय 9 फूट 8 इंच. वहीच्या पानावर नकाशा काढला, मोरी, खिडकी, दार दाखवलं आणि भाडं वसूल करायला येणाऱ्या मेहताची त्यावर तारखेसह सही घेतली. समोरच्यांनी विश्वासाने चावी दिली आणि ते मुलीकडे डोंबिवलीला गेले.

दोन महिन्यांचं काम नऊ महिने चाललं. परत आले तेव्हा नव्या पाइपांच्या डक्टसाठी दोन्ही खोल्यांची मागची भिंत 14 इंच आत घेतलेली. म्हणजे सव्वाअकरा चौरस फूट गेले. 110 चौरस फुटांच्या खोलीत तेवढ्यात कपाट आणि शिलाई मशीन मावतं. काकूंनी तो कागद पुढे केला आणि तीन दिवसांत भिंत फोडून मागे सरकली. समोरच्या घरात 'आधी मोठी होती हो' यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यांची भिंत आहे तिथेच राहिली.

तेव्हा कागदावर हे हवं: इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इंजिनिअरने केलेल्या मजबुतीच्या तपासणीचा निष्कर्ष, काम सुरू आणि पूर्ण होण्याच्या तारखा, तीच खोली, तेवढंच क्षेत्रफळ आणि त्याच भाड्याने परत ताबा, मधल्या काळात राहायचं कुठे आणि त्याचा खर्च कोणाचा. 'तात्पुरता ताबा, फक्त दुरुस्तीसाठी' हे शब्द असलेच पाहिजेत. नुसतं 'ताबा दिला' लिहिलं असेल तर सही करू नका. उद्या तोच कागद 'खोली सोडली' म्हणून दाखवतील. विजेचा मीटर स्वतःच्या नावावर चालू ठेवा, बिल भरत राहा.

ऑडिटची श्रेणी मागून घ्या. महापालिकेच्या वर्गवारीत सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत, सी-2ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-2बी म्हणजे घर रिकामं न करता दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ. अहवालात सी-2बी असताना मालक 'सगळ्यांनी निघा' म्हणत असेल तर सरळ नकार द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 16 प्रमाणे रिकामं केल्याशिवाय दुरुस्ती होणारच नाही, हे मालकाने कोर्टात सिद्ध करावं लागतं. मुंबईत ते लघुवाद न्यायालय. आणि हुकूम झाला तरी कलम 17 खाली परत येण्याचा पर्याय तुम्हाला आहे; तो हुकूमनाम्यात नोंदवून घ्या.

महापालिकेची (महापालिका कायद्याच्या कलम 354 ची) धोकादायक इमारतीची नोटीस आली असेल तर मात्र वाद न घालता बाहेर पडा. इमारत पालिकेने पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केलंय. फक्त भाडेकरूंच्या यादीत तुमचं नाव आणि क्षेत्रफळ बरोबर लागलंय का, ते पाडकामाआधी बघा.

आता भाडं. 'भाडं बंद करा, मालक आपोआप ताळ्यावर येईल' असं सांगणाऱ्यांशी माझं कित्येक वर्षांचं भांडण आहे. हा सल्ला घातक आहे. थकबाकी हे मालकाच्या हातात तुम्ही स्वतः दिलेलं कारण असतं. मागणीच्या नोटिशीनंतर 90 दिवस गेले की तो दावा लावू शकतो, आणि मग समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी 15 टक्के व्याज आणि खर्चासह भरून जीव वाचवावा लागतो. योग्य रस्ता त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 14 चा: दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी. दुरुस्तीची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. किमान 15 दिवसांची मुदत द्या; त्यानंतरही वाजवी वेळेत मालक हलला नाही तर काम स्वतः करून घ्या, पक्की बिलं ठेवा, रक्कम भाड्यातून वळती करा आणि तसं कळवा. मर्यादा एकच: वर्षाला वार्षिक भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. महिना 300 रुपये भाडं असेल तर वर्षाला फक्त 900. म्हणून एकट्याने नाही, मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून नोटीस द्या. खर्च प्रत्येकाच्या भाड्याच्या प्रमाणात वाटला जातो.

दुरुस्तीच्या नावाखाली पाणी किंवा वीज योग्य कारणाशिवाय तोडली तर कलम 29 खाली अर्ज करा. दोन तास बंद ठेवणं वेगळं, आठवडाभर तोडणं वेगळं.

तुमचं घर लिव्ह अँड लायसन्सवर असेल तर कलम 14 तुम्हाला लागू नाही. तिथे करार हाच आधार. त्यात दुरुस्तीच्या काळातल्या भाड्याची अट नसेल तर आत्ता ईमेलवर मान्य करून घ्या: 'संडास किंवा स्वयंपाकघर सलग 3 दिवसांपेक्षा जास्त बंद राहिल्यास त्या दिवसांचं भाडं वळतं होईल.' 22,000 भाडं असेल तर दिवसाचे 733 रुपये. 18 दिवसांचे जवळपास 13,200. लॉक-इन (ठरावीक मुदतीआधी घर न सोडण्याची अट) असेल तर त्यातूनही सूट लिहून घ्या. मुदतीआधी तुमची चूक नसताना बाहेर काढलं तर 1882 च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम 64 खाली भरपाई मागता येते.

दोन संडास असतील तर एका वेळी एकच फोडायला लावा. वॉटरप्रूफिंगनंतर किमान 24 तास पाणी साठवून बघतात, ते धरून वेळापत्रक मागा. नहाणी ट्रॅपवर (बाथरूमच्या जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडावर) गोणपाट घालायला सांगा, नाहीतर राबिट (फोडकामाचा चुरा) आत जाऊन लाइन तुंबते आणि बिल तुमच्या डिपॉझिटमधून जातं.

आणि एक राहिलं: पागडीतही भाडेकरूने दुरुस्तीची जबाबदारी लेखी घेतलेली असेल तर कलम 14 चालत नाही. नोटीस लिहिण्याआधी जुना करार काढून बघा.