तानाग्राची बाई आधी पाठीकडून बघा

चेहऱ्यावर लगेच भाळू नका. ग्रीसमधल्या तानाग्रा गावच्या या बायका म्हणजे भाजलेल्या मातीच्या मूर्ती, इसवीसनपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातल्या. बहुतेक वीतभर उंचीच्या, साच्यातून काढलेल्या, आतून पोकळ. भाजताना तडकू नयेत म्हणून पाठीला भोक ठेवत. आधी तेच शोधा. पाठ बहुधा ओबडधोबडच असते, कारागिराने सगळा जीव पुढच्या बाजूत ओतलेला!

पांढरा थर भाजण्याआधी देत, गुलाबी-निळे रंग मात्र भाजल्यावर. म्हणून ते सहज झडतात. ओलं फडकं चुकूनही लावू नका. वस्त्राच्या एखाद्या चुणीत चिमूटभर गुलाबी उरलेला असतो, मला तोच सगळ्यात आवडतो.

१८७० च्या दशकात तिथली थडगी लुटली गेली, त्यांतून या मूर्ती निघाल्या, युरोपात मागणी वाढली, पाठोपाठ नकलाही आल्या. नखशिखांत ताजा रंग दिसला की मी तरी दोन पावलं मागेच सरतो.