दुकान ऑनलाइन नेताय? आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा

दुकान ऑनलाइन नेण्याबद्दलचे प्रश्न येतात त्यातले बरेचसे तेच ते असतात, आणि घोटाळाही ठरलेल्या चार-पाच जागीच होतो. म्हणून यावेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतोय.

प्रश्न: वेबसाइटला एसएसएल लागतंच का? करून देणारा त्याचे वेगळे पैसे मागतोय.

लागतंच, कारण गिऱ्हाइकाने साइटवर भरलेली माहिती वाटेत कोणी वाचू नये म्हणूनचं ते कुलूप आहे. पण लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळतं आणि बरेच होस्टिंगवाले (ज्यांच्या कॉम्प्युटरवर साइट ठेवलेली असते ते) ते स्वतःच लावून देतात, त्यामुळे पैसे नेमके कशाचे ते लेखी मागा.

प्रश्न: दुकानात तीन-साडेतीन हजार वस्तू आहेत. सगळ्यांचे फोटो काढून झाले की साइट सुरू करायची असं ठरवलंय, पण दीड वर्ष झालं, काम संपत नाहीये.

संपणारही नाही, कारण तोवर नवा माल येतो, जुना जातो. सगळ्यात जास्त खपणाऱ्या चाळीस-पन्नास वस्तू घ्या, त्यातही ज्या पॅक करायला सोप्या आणि परत येण्याची शक्यता कमी अशा, आणि सुरू करा. फोटोपेक्षा मोठा प्रश्न स्टॉकचा आहे. काउंटरवर शेवटचा नग विकला गेला आणि त्याच वेळी कोणी ऑनलाइन पैसे भरले तर काय करणार? बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि साइट जोडलेली नसेल तर ऑनलाइनसाठी थोडे नग वेगळ्या कपाटात काढून ठेवा, साधा उपाय आहे पण चालतो. जोडायचंच असेल तर आधी बिलिंगवाल्याशी बोला, साइटवाल्याशी नंतर.

प्रश्न: वेबसाइट एका ओळखीच्या मुलाने करून दिली. डोमेन त्यानेच त्याच्या अकाउंटवरून घेतलंय, दरवर्षी रिन्यूही तोच करतो. माणूस विश्वासू आहे. यात काही अडचण आहे का?

आहे, आणि मोठी आहे. वेबसाइट, होस्टिंग (साइट ठेवायची जागा) आणि डोमेन (डॉट कॉम वगैरे लावलेलं साइटचं नाव) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी डोक्यात पक्कं करा. वेबसाइट मोडली तर परत बनवता येते, होस्टिंग बदलता येतं, पण डोमेन हातचं गेलं तर तुमचा पत्ताच गेला. आणि तो फक्त साइटचा पत्ता नसतो. त्याच नावावर तुमचा ईमेल चालतो, त्याच ईमेलवर पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचा), कुरिअरचा, सोशल मीडियाचा पासवर्ड रीसेट येतो. म्हणजे डोमेनची किल्ली ज्याच्याकडे, त्याला तुमचा मेल स्वतःकडे वळवून बाकीच्या बऱ्याच कुलपांपर्यंत पोचता येतं.

विश्वासू माणसाचंही काय होतं ते मी जवळून पाहिलंय. एक जुनं फर्निचरचं दुकान, वडिलांनी सुरू केलेलं. डोमेन डेव्हलपरच्या आधीच्या नोकरीतल्या ईमेलवर नोंदवलेलं, ती नोकरी सुटली, तो ईमेल बंद झाला, रिन्यूच्या सूचना कोणी वाचल्याच नाहीत. एका रविवारी सकाळी साइटच्या जागी जाहिरातींचं पान उघडायला लागलं आणि ऑर्डरचे मेल पाठवणाऱ्यांकडे परत जायला लागले. काउंटरखाली नव्या पिशव्यांचे गठ्ठे पडलेले, प्रत्येक पिशवीवर तोच पत्ता छापलेला. त्या मुलाची नियत चांगली होती, नोंद चुकीची होती, बस.

डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली की रजिस्ट्रारकडे (ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं तिच्याकडे) रिन्यू करायला थोडी सवलतीची मुदत असते, ती रजिस्ट्रारप्रमाणे बदलते. तीही संपून डोमेन डिलीट झालं की त्यानंतर ३० दिवस ते जादा पैसे भरून सोडवता येतं, मग ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि मग ते कोणीही घेऊ शकतं. त्यामुळे आजच त्या मुलाला फोन करा. रजिस्ट्रारकडे तुमचं स्वतःचं अकाउंट उघडा, डोमेन त्यात हलवून घ्या, नोंदीत मालक म्हणून तुमचं किंवा धंद्याचं नाव आहे का ते स्वतः लॉगिन करून बघा (बाहेरून शोधलं तर बऱ्याचदा नाव झाकलेलं दिसतं). नोंदीतला ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका, डोमेन बंद पडलं की तोही बंद पडतो. ऑटो रिन्यू चालू करा, टू-स्टेप लॉगिन लावा. डॉट कॉम एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येतं, जमत असेल तर चार-पाच वर्षांचं घेऊन टाका. आणि मुलगा टाळाटाळ करत असेल तर वाद न घालता, बिलं आणि मेसेज जपून ठेवून वकिलाला गाठा.

प्रश्न: एक कंपनी तीन महिन्यांत गुगलवर पहिला नंबर देण्याची गॅरंटी देतेय. घेऊ का?

नको. पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही हे खुद्द गुगल सांगतं, तरी हे पॅकेज विकणं थांबत नाही आणि मेहनतीचे पैसे त्यात जातात. त्याआधी गुगलवरचं तुमचं बिझनेस प्रोफाइल उघडा, वेळ, फोन, सुट्टीचे दिवस बरोबर आहेत का ते बघा. ते फुकट आहे.

प्रश्न: लॅम्पशेड विकतो. डिलिव्हरी फुकट ठेवली तर परवडेल का? वजन तर जेमतेम दोन किलो भरतं.

काट्यावरचं वजन विसरा, टेप घ्या. बरेच कुरिअर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते आकड्यातलं वजन जास्त निघालं तर त्याचेच पैसे लावतात. ६० बाय ४० बाय ३० चा खोका म्हणजे १४.४ किलो! भाजक प्रत्येकाचा वेगळा असतो, तेव्हा भरलेला खोका मोजून दोन-तीन कुरिअरकडून लेखी दर घ्या, परत येणाऱ्या पार्सलचाही दर विचारा, मग फुकटचं ठरवा.

प्रश्न: जुनी गिऱ्हाइकं फोनवर कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे सांगतात, आम्ही वहीत लिहून ठेवतो. चालेल ना?

अजिबात नाही. ते तीन आकडे व्यवहार मंजूर झाल्यावर साठवायला कार्डांच्या सुरक्षा नियमांत बंदीच आहे. ती पानं आजच बारीक फाडून टाका आणि गिऱ्हाइकाला पेमेंट लिंक पाठवा. लिंक कशी बनवायची ते तुमच्या बँकेला नाहीतर गेटवेवाल्यांना विचारा.

प्रश्न: स्वतःची साइट कशाला, मोठ्या मार्केटप्लेसवरच विकलं तर?

सुरुवातीला विका, गर्दी तिथे आहे. पण तिथलं गिऱ्हाईक त्यांचं असतं, त्याचा ईमेल-फोन तुम्हाला सहसा मोकळेपणाने वापरता येत नाही, आणि कमिशन उद्या वाढलं तर तुमच्या हातात काही नसतं. म्हणून छोटी का होईना, स्वतःची साइट बाजूला ठेवाच. कमिशन आणि परताव्याच्या अटी, शिवाय दोन्हीकडच्या विक्रीवर कर कसा लागतो, हे पहिली ऑर्डर घेण्याआधी तुमच्या कर सल्लागाराला दाखवून घ्या. आणि हो, त्या साइटचं डोमेन तुमच्याच अकाउंटवरून घ्या.