राजघराण्याच्या वर्धापनदिनी चर्चने गावासाठी उत्सव कसा भरवावा?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधल्या तुमच्या चर्चच्या समितीला राजघराण्याच्या पुढच्या मोठ्या वर्धापनदिनी सगळ्या गावासाठी काहीतरी करायचं आहे, पण उपासना, मेजवानी, मैफल यातलं नेमकं काय करावं यावर एकमत होत नाही. मी मूळची नगरची, तिथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढलेली. आता बरीच वर्षं मिडलंड्समधल्या एका छोट्या शहरात अँग्लिकन चर्चच्या परिषदेवर आहे. 2022 ची प्लॅटिनम ज्युबिली, म्हणजे एलिझाबेथ राणीच्या राज्याची सत्तर वर्षं, आणि 2023 चा चार्ल्स राजाचा राज्याभिषेक, दोन्ही वेळच्या तयारीत मी होते. त्यावरून सांगते.

आधी जेवण ठरवा. बाकी सगळं त्याच्याभोवती बसवता येतं. आणि जेवण ठरवताना पहिला प्रश्न हा विचारा की त्या दिवशी आपल्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, एकटं कोण जेवणार आहे.

राजवाड्यासमोरची मिरवणूक, घोडेस्वार, विमानांच्या कसरती हे सगळं टीव्हीवर दिसतं. चर्चने त्याची छोटी नक्कल करायला जाऊ नये. चर्चकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही: हॉल, खुर्च्या, घडीची टेबलं, पन्नास माणसांचा चहा एका वेळी होईल असं भांडं, आणि कोणाचा नवरा मागच्या वर्षी गेला, कोण जिना उतरू शकत नाही, कोणत्या घरात नवं बाळ आलंय ही माहिती. गावात तुमच्याआधी कोणी काही ठरवलं असेल तर त्यांना जाऊन मिळा. 2022 मध्ये 5 जूनच्या रविवारी देशभर जी जेवणं झाली ती ईडन प्रोजेक्ट या संस्थेने 2009 मध्ये सुरू केलेल्या 'बिग लंच' या उपक्रमाला जोडून झाली होती. म्हणजे शेजाऱ्यांनी वर्षातून एकदा एकत्र जेवायचं ही सवय अनेक गल्ल्यांत आधीपासूनच होती. तुमच्या गल्लीत ती असेल तर वेगळा मांडव घालू नका, टेबलं घेऊन तिकडे जा.

आमंत्रण हातात द्या. चर्चच्या दारावर लावलेला कागद चर्चला येणारेच वाचतात. आम्ही रस्ते वाटून घेतले होते, प्रत्येक रस्त्याला दोघं. दार उघडलं की पत्रक द्यायचं आणि एकच विचारायचं: "येताना कोणाला सोबत लागेल का?" गाडीची गरज, चाकाची खुर्ची, बहिरेपण, परकी भाषा, सगळं या एका प्रश्नातून बाहेर येतं. जी आजी "मी काय येणार आता" म्हणते, तिच्या घरी कोण न्यायला जाणार त्याचं नाव तिथेच उभं राहून लिहून घ्या.

उपासना जरूर ठेवा, पण छोटी. राजा चर्च ऑफ इंग्लंडचा सर्वोच्च शासक असल्यामुळे त्याच्यासाठी प्रार्थना ही इथल्या उपासनेत काही नवी गोष्ट नाही. जुन्या प्रार्थना-पुस्तकात राज्यारोहणाच्या दिवसासाठी वेगळी प्रार्थनाही आहे. एलिझाबेथ राणीचा तो दिवस 6 फेब्रुवारी होता, चार्ल्स राजाचा 8 सप्टेंबर आहे. तारीख चर्चच्या सणावर आली तर काय करायचं हा वाद तुमच्याकडेही होईल. 2022 मध्ये तो बिग लंचचा रविवार नेमका पेंटेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा, सण होता. सण बाजूला सारून सगळी उपासना राणीला वाहावी असं काहींना वाटत होतं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. वेदीवर पेंटेकॉस्टचा लाल रंगच राहिला, उपदेश पवित्र आत्म्यावरच झाला, आणि राणीच्या सत्तर वर्षांची उपकारस्तुती मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेत आली. नंतर सगळे बाहेर, पताकांखाली, जेवायला. एक पथ्य मात्र कडक पाळा: जेवायला येण्यासाठी उपासनेला बसावं लागेल असं कोणालाही वाटता कामा नये. पत्रकावर दोन्हींच्या वेळा वेगळ्या छापा.

आता जरा नाजूक भाग, आणि आपण मराठी माणसांनी तो समितीत स्पष्ट मांडायला हवा. राजघराण्याबद्दल सगळ्यांना प्रेम असतं असं गृहीत धरू नका. 22 जून 1897 ला व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची उपकारस्तुती लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलच्या पायऱ्यांसमोर उघड्यावर झाली, कारण वयोवृद्ध राणीला पायऱ्या चढवत नव्हत्या. ती गाडीतच बसून राहिली. त्याच रात्री पुण्यात गणेशखिंडीतला महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. प्लेगच्या बंदोबस्तात घरांत घुसलेले सैनिक पुण्याने तेव्हा पाहिले होते. ज्यांच्या आजी-पणजीने साम्राज्याचं ते रूप पाहिलं अशी माणसं आज इंग्लंडच्या अनेक गावांत राहतात. शिवाय राजेशाहीच नको म्हणणारे इंग्रज शेजारीही असतात. त्यांनाही त्या टेबलावर मोकळेपणाने बसता आलं पाहिजे. राष्ट्रगीत म्हणा, पण कोण उठलं, कोण बसून राहिलं हे बघू नका. शुभेच्छांचा प्याला उचलायचा असेल तर एकदाच उचला आणि पुढे चला.

त्याच 1897 मधली एक गोष्ट मात्र आपण जरूर उचलावी. वेल्सच्या राजकुमारी अलेक्झांड्रा यांनी त्या निमित्ताने लंडनच्या गरिबांना जेवण घालायची कल्पना मांडली, आणि चहाचे व्यापारी थॉमस लिप्टन यांनी त्यासाठी 25,000 पौंड दिले. आपल्या हॉलमध्ये याचं रूप अगदी साधं असू शकतं: दाराशी एक टोपली, तिच्यात फूड बँकेसाठी, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रासाठी, डबे-पाकिटं. प्रवेशाला पैसे घेऊ नका. घेतलेत तर ज्यांच्यासाठी हे सगळं करताय तेच घरी राहतील.

जेवणाचं म्हणाल तर ज्याने-त्याने एक पदार्थ आणायचा ही पद्धत उत्तम चालते. अशा वेळी कधीकधी एखादा अधिकृत पदार्थ जाहीर होतो. 2022 ला लिंबाचा स्विस रोल आणि अमारेत्ती (बदामाची बिस्किटं) घातलेलं ट्रायफल हे थरांचं गोड होतं, 2023 ला पालक आणि ब्रॉड बीन्सचं किश, म्हणजे अंड्याचं सारण भरलेला खारा पाय. एक-दोघांनी तो करावा, सगळ्यांच्या माथी मारू नये. 1953 च्या राज्याभिषेकाच्या कोंबडीतही करी पावडर होती, तेव्हा आपल्या कोथिंबीर वडीला त्या टेबलावर जागा मागायला लाजू नका.

पण चिठ्ठी लावा. इथे कायद्याने चौदा अ‍ॅलर्जीकारक घटक ठरवले आहेत, आणि आपल्या स्वयंपाकातले बरेच त्यात येतात. शेंगदाणे आणि तीळ सगळ्यांच्या लक्षात असतात. मोहरीही त्या यादीत आहे हे फोडणी घालताना कोणाच्या मनात येत नाही. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे नुसत्या बेसनाची म्हणून जी वडी आपण गहू न चालणाऱ्या माणसाला आग्रहाने वाढतो ती त्याला त्रास देऊ शकते. आम्ही प्रत्येक पदार्थापुढे पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा उभा केला होता: नाव, कोणी केलं, आणि चौदापैकी काय-काय आहे. कार्ड करणाऱ्याने स्वतः लिहायचं, टेबल मांडणाऱ्याने अंदाजाने नाही. मुलांच्या टेबलावर शेंगदाण्याचं काहीच ठेवलं नाही.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, म्हणून ती एकाच माणसाकडे सोपवा. दारू विकणार असाल तर कौन्सिलला तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस द्यावी लागते: इंग्लंड आणि वेल्समध्ये फी 21 पौंड, एका वेळी जास्तीत जास्त 499 माणसं, आणि निदान दहा कामाचे दिवस आधी. रस्ता बंद करायचा असेल तर कित्येक आठवडे आधी अर्ज करावा लागतो. विमा कंपनीला फोन करून उघड्यावरचा कार्यक्रम, मुलांनी उड्या मारायचा हवेचा किल्ला, शेकोटी यातलं काय चालतं ते विचारा. मुलांसाठी खेळ असतील तर मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या पॅरिशच्या अधिकाऱ्यांना पहिल्याच बैठकीला बोलवा.

घंटांसाठीही वेळेत बोला. इथल्या घंटावादकांची स्वतंत्र मंडळं असतात, आणि अशा दिवशी त्यांना जवळपासच्या अनेक मनोऱ्यांवरून बोलावणं येतं. पाऊण तासाचं वादन हवं की पूर्ण तीन तासांचं, हे शेजाऱ्यांना आधी कळवलेलं बरं. ज्यांना चर्चशी काही देणंघेणं नाही तेही घंटा ऐकून गच्चीत येतात. जमलं तर जेवणानंतर मुलांना चार-चारच्या गटाने मनोऱ्यावर नेऊन दोर दाखवा. आमच्याकडे सगळ्यात लांब रांग तिथे लागली होती.

आठवण म्हणून झाड लावायचं असेल तर आर्चडीकनना (बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना) आधी विचारा, आणि उन्हाळ्यात लावू नका. इथे झाडं लावायचा मोसम ऑक्टोबर ते मार्च. समारंभ जूनमध्ये असेल तर झाड आदल्या हिवाळ्यातच लागलेलं असावं.

शेवटचं काम उत्सवाच्या आधीच करून ठेवा: हॉल पुढच्या महिन्यातल्या एखाद्या दुपारसाठीही राखून घ्या आणि त्या साध्या जेवणाची तारीख त्याच दिवशी टेबलांवर छापून ठेवा. ज्या आजीला कोणी तरी गाडीतून घेऊन आलं, तिला परत कोण आणणार हे ती घरी जायच्या आत ठरलेलं असू दे.